माणशी एक दिवा

७ मे, मंगळवार

ही डायरी गेल्या वर्षीची आहे. यांच्या पंपहाउसवरून कोरीच्या कोरी घरी आली होती, टाकून कशी द्यायची? छापलेला वार खोडून खरा लिहिला की झालं. कागदाला कुठे कळतंय साल कोणतं ते.

देवाच्या कृपेने सुखरूप पोचलो. सामान चढवताना तेवीस नग मोजले होते, उतरवताना तेवीसच भरले. डाळीच्या बरणीचं झाकण तेवढं फुटलं. त्यावर वाटी उपडी घातली, काम भागलं.

घर तिसऱ्या मजल्यावर, अकरा नंबर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे गॅलरी. आम्हा तिघांना पुरून उरेल. मी, हे आणि आमची ठकी. ठकीला सातवं सरून आठवं लागलंय, पण जिने चढताना पायऱ्या मोजल्या तिनेच. अठ्ठेचाळीस. मोजायचा नाद माझ्यावरून आलाय असं हे म्हणतात. म्हणेनात का, चांगलंच आहे.

यांची बदली इथल्या पाणीपुरवठ्याच्या पंपहाउसवर झालीय. उद्यापासून हजर व्हायचं.

आधीच्या कुणीतरी गॅलरीत वेताची खुर्ची सोडून गेलंय. हे म्हणाले, फेकून देऊ. मी म्हटलं, बसायची वस्तू आपण होऊन चालत आलीय, तिला हाकलायचं का? सोड्याच्या पाण्याने धुतली. छान निघाली. बसणारीच्या पाठीचा आकार पडलाय तिला.

समोरच्या दारात शिंपीणबाई राहतात. एकट्या. ओळख व्हायच्या आत त्यांनी आमचं गाव, यांचं खातं आणि माझं शिक्षण विचारून घेतलं. मॅट्रिक म्हटल्यावर म्हणाल्या, मग वहिनी, तुम्ही माझ्या मापांच्या वहीतले आकडे नीट लिहून द्या, माझे मलाच वाचता येत नाहीत.

९ मे, गुरुवार

घर लागलं. एक देवाची तसबीर राहिली. भिंतीत खिळा ठरत नाही, तीन वाकले. सरळ करून ठेवलेत. तसबीर लागेपर्यंत देवाचा दिवा उंबऱ्यावर लावते. दिवेलागणीला पहिली काडी देवाची, मग बाकीचं. आईने घालून दिलेला नेम आहे, पाहुण्याच्या घरीसुद्धा मोडला नाही.

ठकीला शिंपीणबाईंनी चिंध्या दिल्या. आल्यापासून बाहुलीचे तीन कपडे झालेत. आईच्या अंगावर मात्र जुनंच, असं हे म्हणाले. मी म्हटलं, बाहुलीला संसार नाही.

११ मे, शनिवार

आज वादळ झालं. आयुष्यात पाहिलं नव्हतं असं.

दुपारी चारला आकाश पितळेच्या परातीसारखं झालं. पान हलेना. मग एकदम वारा असा आला की दार लावायला मी आणि ठकी दोघी पाठ टेकून उभ्या राहिलो. पत्रे पतंगासारखे गेले. रस्त्यावरची जुनी झाडं मुळासकट आडवी, त्यांच्याखाली विजेचे खांब. पाऊण तास. मग गारा, मग पाऊस, मग काहीच नाही. इतकी शांतता की कानात बोट घातल्यासारखं वाटलं.

शिंपीणबाईंच्या चारी कुंड्या गेल्या. आमच्या गॅलरीतली दोरी, कपडे, बादली, सगळं गेलं. खुर्ची मात्र जागची हलली नाही. चालत आलेली, पण वजनदार निघाली.

वीज गेली ती गेलीच. हे निरोप पाठवून कळवतात की पंपावर डिझेलचं इंजिन चालवावं लागतंय, ड्यूटी सोडता येणार नाही. गावाला पाणी सोडणाऱ्याच्या घरी नळ कोरडा. याला म्हणतात नशीब.

१२ मे, रविवार

सकाळी चौकीदारमामा वर आले. म्हातारे पण ताठ आहेत. या इमारतीची एक रीत सांगून गेले.

वीज गेली की आमचा पंप बंद, टाकी रिकामी. मग रोज सकाळी टँकर येतो आणि माणशी एक कॅन पाणी मिळतं. ते किती लागेल हे कळायला दिवेलागणीला प्रत्येकाने दाराबाहेर माणशी एक दिवा लावून ठेवायचा. जो कामावर गेलाय, पण परत येणार आहे, त्याचाही लावायचा. मामा सातला जिना चढून दिवे मोजतात, फाटकाजवळच्या पाटीवर खडूने आकडा लिहितात. सकाळी तेवढे कॅन दाराशी.

मी म्हटलं, मामा, नुसतं विचारलं तर नाही का चालणार? म्हणाले, माणूस सांगताना विसरतं, दिवा विसरत नाही. पूर्वी एका वादळात एक बाई मोजायची राहून गेली होती. तेव्हापासून असं.

घरात मेणबत्त्या बारा. सुरीने प्रत्येकीचे तीन तुकडे केले. एक तुकडा दिवेलागणीपासून मोजणी होईपर्यंत आरामात जळतो. छत्तीस झाले.

संध्याकाळी उंबऱ्याबाहेर मांडले. पहिला देवाचा, हात जोडून. मग यांचा, मग माझा. ठकी म्हणाली, माझा मी लावणार. शेवटची काडी तिला दिली. जीभ बाहेर काढून, एक डोळा मिटून लावला. चार ज्योती ओळीने. फार शोभा आली.

शिल्लक तुकडे बत्तीस.

१३ मे, सोमवार

दाराशी चार कॅन.

आधी कळेना. मग हसू आलं. मामांना काय ठाऊक की एक दिवा देवाचा. देव काय माणसांत धरायचा? खाली जाऊन सांगावं म्हणून चप्पल घातली. मग चादरींचा ढीग दिसला. पंधरा लिटर पाणी. चप्पल काढून ठेवली.

संध्याकाळी सांगू म्हटलं. संध्याकाळ झाली. देवाचा लावला नाही तर कसं? आणि लावला तर चार होणारच. यात माझी काय लबाडी?

तरी लिहून ठेवते. मला ठाऊक होतं आणि मी चार लावले.

१५ मे, बुधवार

टँकर आणि पंपावरची माणसं सोडली तर रस्ता सगळ्यांना अजून बंद. दुकानं बंद. तारा जमिनीवर लोळताहेत म्हणून फाटकाबाहेर कुणाला सोडत नाहीत. उकाडा असा की भिंतीला हात लावला तर ताप आल्यासारखी लागते.

शिंपीणबाईंचं मशीन पायाचं. दिवसभर खडखड चालू. म्हणतात, सगळ्या गावाची वीज गेली, माझी पायांत आहे. ठकीसाठी फ्रॉक शिवणार आहेत, कापड त्यांच्याकडचंच, उरलेलं. तिला टेबलावर उभी करून माप घेतलं आणि वहीत मी लिहिलं: उंची, छाती, बाही. गुदगुल्या होतात म्हणून ठकी हसून हसून वाकडी.

चौथ्या कॅनच्या पाण्याने चादरी धुतल्या, फरशी पुसली. देवाच्या पाण्याने घर स्वच्छ झालं. मनाला लागलं थोडं, पण घर स्वच्छ झालं.

शिल्लक तुकडे वीस.

१६ मे, गुरुवार

हिशेब लागत नाही.

पिण्याच्या कॅनवर मी कोळशाने रेघा मारते. रात्री झाकण लावताना पाणी तिसऱ्या रेघेवर होतं, सकाळी चौथीच्या खाली. ठकीला विचारलं, नाही म्हणाली. ती खोटं बोलत नाही, तिला येतच नाही.

बिस्किटं अठरा होती. यांच्या निरोप्याबरोबर दोन पाठवली, दोन ठकीला, दोन मी. बारा हवीत. दहा आहेत. बरोबर एका माणसाच्या वाटणीची कमी. उंदीर असता तर भुगा पडला असता. उंदीर मोजून दोन नेत नाही.

दुपारी वेणी घालताना मोरीतल्या कंगव्यात एक केस सापडला. ठकीचे कापलेले आहेत, माझे कमरेच्या वर. हा काढला तर हात वर करूनही संपेना. पाण्यात ठेवलेल्या दोऱ्यासारखा ओला होता.

शिंपीणबाईंचा असेल. पण त्या आमच्या मोरीत कशाला विंचरतील?

१७ मे, शुक्रवार

हे तासाभरासाठी घरी आले. डिझेलने माखलेले, डोळे लाल. सहा दिवसांत आठ तास झोपलेत. पंपावर मिळालेले गोड पाव खिशातून काढले, एक ठकीला, एक मला, एक स्वतःला. मग चौथा काढला, गॅलरीत गेले आणि खुर्चीच्या हातावर ठेवून आले. हात झटकले.

विचारलं, तो कुणाला? म्हणाले, सगळ्यांना एकेक. विचारलं, आपण किती जण? हसले. म्हणाले, उन्हाने तुझी बेरीज बिघडली का? चौघं. आणि दहा मिनिटं पाठ टेकतो म्हणून झोपले. उठून गेले तेव्हा पुन्हा विचारायचं धाडस झालं नाही.

या डायरीचं पहिलं पान काढून पाहिलं. आम्हा तिघांना पुरून उरेल. माझंच अक्षर आहे. तिघांना.

मी गॅलरीत गेले. पाव नव्हता. खुर्ची भर उन्हात होती आणि गार होती.

तरी दिवेलागणीला नेम मोडला नाही. चार लावले. शिल्लक बारा.

१८ मे, शनिवार

सकाळी शिंपीणबाई म्हणाल्या, वहिनी, पाहुण्या आल्यात ते सांगितलं नाहीत. तीन दिवस बघतेय, गॅलरीत बसलेल्या असतात. मी माझ्या गॅलरीतून दोनदा हाक मारली, पण तोंड वळवलं तर शपथ. फार मानी दिसतात. नणंद का?

माझी नणंद नाही. मला कुणीच नाही.

ठकीला मांडीवर घेऊन विचारलं. अगदी सहज म्हणाली की ती केस विंचरते माझे. हात गार आहेत, उकडत असलं की बरं वाटतं. तिचं तोंड कसं आहे म्हटलं तर म्हणाली, ती मागेच बसते ना, मग कसं दिसणार.

अठ्ठेचाळीस पायऱ्या मी पळत उतरले. मामा पाटी पुसत होते. मोजायची राहून गेलेली बाई कोणत्या घरातली, एवढंच विचारलं. फडकं त्यांच्या हातात तसंच राहिलं.

अकरा नंबर.

नवरा आणि लहान मूल पहिल्या ट्रकने सुरक्षित ठिकाणी गेले. बाई म्हणाली, मी सगळं आवरून कुलूप लावून मागच्या ट्रकने येते. नवऱ्याने खाली सांगितलं, घर रिकामं झालं. पाटीवरचा अकराचा आकडा पुसला गेला. पावसाने दार फुगून बसलं, उघडेना. पाणी कुणी आणलं नाही, कारण पाटीवर कुणी नव्हतं. ती गॅलरीत खुर्ची टाकून हाका मारायची. खाली झाडं कापायची यंत्रं चालू होती. अकराव्या दिवशी दार फोडलं.

पाटी पुसणारा चौकीदार मीच होतो, म्हणाले. आणि हातावरचा खडू पुसला.

मग त्यांनी विचारलं, वहिनी, तुम्ही दिवे किती लावता? मी सगळं सांगितलं. देवाचा, आणि कॅनचं, आणि चादरींचंही. मामा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. म्हणाले, ज्या दिव्याला माणूस नाही, त्या दिव्याला माणूस येतं. ज्याला दिवा मिळाला नव्हता, ते येतं. आज कमी करा.

आज तीनच मांडले. पहिल्याला काडी लावली आणि दोन्ही हात आपोआप जोडले गेले. लहानपणापासूनचा नेम, हाताला कोण शिकवणार? मग यांचा. मग माझा. ठकी शेवटच्या काडीसाठी तळहात पुढे करून उभी होती. माझा कुठंय म्हणाली. म्हटलं, आपण तिघं ना, यातलाच एक तुझा.

मी नाही लावला, म्हणाली.

मामा आले, मोजले, गेले. मग माझ्या लक्षात आलं. पहिला कुणाचा लावला मी?

शिल्लक नऊ.

१९ मे, रविवार

तीन कॅन. पाटीवर तीन. सुटले असं वाटलं. दुपारपर्यंत वाटलं.

दुपारी हे आले. गोड पाव काढले. एक मला. एक स्वतःला. एक गॅलरीत, खुर्चीच्या हातावर. ठकी पायाशी उभी होती, तळहात पसरून. हे तिला वळसा घालून गेले, माणूस दारातल्या चपलांना घालतं तसा.

मी म्हटलं, ठकीला? म्हणाले, कोण ठकी?

चेष्टा करताहेत असं वाटलं. यांना चेष्टा करायची खोड आहे. तोंडाकडे पाहिलं. चेष्टा नव्हती, दमलेलं तोंड होतं आणि त्यात माझी काळजी होती. कपाळाला हात लावून पाहिला माझ्या.

माझा पाव ठकीला दिला. तिने खाल्ला. रडली नाही. म्हणाली, आई, बाबांना मी दिसत नाही का? म्हटलं, जागरण झालंय त्यांना.

संध्याकाळी चार मांडले. चौथा ठकीचा. काडी तिच्या हातात दिली की विझते. मी तिचा हात धरून लावली, विझते. वारा नाही. ओळीतले तीन सरळ जळताहेत. अकरा काड्या गेल्या. मामा वर आले, म्हणाले, तीन. मी म्हटलं, चौथा आहे, फक्त पेटत नाहीये. म्हणाले, वहिनी, मी जळणारेच मोजतो.

न पेटलेला तुकडा परत डब्यात ठेवला. शिल्लक सहा.

२० मे, सोमवार

शिंपीणबाईंनी फ्रॉक हातात दिला. पिवळा, बाहीला झालर. म्हणाल्या, वहिनी, वहीत हे कुणाचं माप आहे हो? तुमचं अक्षर आहे म्हणून शिवून टाकला. इमारतीत एवढं मूल तर कुणी नाही.

ठकी माझा पदर धरून तिथेच उभी होती.

खोलीत आणून फ्रॉक घातला. छातीत बसला, बाहीत बसला. पण पिवळ्या कापडातून मागच्या भिंतीवरचा डाग दिसला. तिला तसंच छातीशी घट्ट धरलं. ऊब आहे. अजून ऊब आहे.

तिला घेऊन फाटकाशी गेले. म्हटलं, तारा असोत, खांब असोत, पंपहाउसपर्यंत चालत जाईन. तिचा हात माझ्या हातात. मामांनी काठी आडवी धरली. म्हणाले, वहिनी, अशा एकट्याच कुठे निघालात?

एकट्याच.

परत वर. पायऱ्या मोजायला सांगितल्या तिला, म्हणजे आवाज ऐकू येत राहील. एकतीसपर्यंत ऐकू आला. पुढे ओठ हलत होते.

संध्याकाळी पहिला ठकीचाच लावायचा ठरवला. विझला. विझला. विझला. माझ्या हाताने पहिल्याला लावला तर टचकन पेटला आणि ज्योत दाराच्या आत वळली. आत कुणी श्वास ओढून घेतल्यासारखी. मग यांचा. मग माझा.

तीनच. जागा तीनच आहेत आता. ती आधी येऊन बसलीय.

शिल्लक तीन. चौथा तुकडा कुठून आणू —

२१ मे, मंगळवार, सकाळ

मामा सांगून गेले की कोपऱ्यापर्यंत वीज आली. रात्री इकडे येईल. आजची मोजणी शेवटची. मग पाटी काढून ठेवायची. जो आकडा आज, तो —

ठकीचा चेहरा डोळे मिटून आठवून पाहिला. हनुवटीवरची खळी उजवीकडे की डावीकडे, आठवेना. डोळे उघडून पाहिलं. डावीकडे. इथे लिहून ठेवते. डावीकडे. गुडघ्यावर व्रण आहे. लवंगी मिरचीसारखी चिडते. झोपेत दात खाते. पायऱ्या मोजते. मी विसरले तरी हे लिहिलेलं —

पेनची शाई संपली. पेन्सिलीने लिहितेय.

दुपार

गॅलरीच्या दारात उभी राहून बोलले तिच्याशी. पाठ दिसली. ओले केस जमिनीपर्यंत. वळली नाही.

म्हटलं, बाई, तुझं लेकरू ट्रकमधून गेलं, माझं माझ्यासमोर जातंय. तुला दिवा मीच लावला. चूक माझी आहे, त्यात पाण्याची हावही माझी. तिची शिक्षा माझ्या लेकराला नको. जागा हवी तर माझी घे.

खुर्ची करकरली.

यांचा दिवा मी कमी करणार नाही. माझा करता येतो. देवा, हिशेब बरोबर आहे ना? तीन तुकडे, तीन माणसं. एक ती, एक हे, एक ठकी.

बरोबर आहे. हातचा काही राहत नाही.

संध्याकाळ

लावले.

पहिला तिचा. मुद्दाम. हात जोडले नाहीत. म्हटलं, हा तुझा.

दुसरा यांचा.

तिसऱ्याची काडी ठकीच्या हातात दिली. एक डोळा मिटला, जीभ बाहेर. पहिल्याच काडीत पेटला. पेटला —

पिवळा फ्रॉक आता पिवळाच आहे. मागचा डाग दिसत नाही.

ठकीला आत पाठवलं, बाहुलीला झोपव म्हटलं. मी उंबऱ्यावर बसलेय. ज्योतींच्या उजेडात लिहितेय. कागदावर पेन्सिलीची सावली पडतेय. हाताची नाही.

शिंपीणबाई दार उघडून बाहेर आल्या. तीन दिवे पाहून बरं वाटल्यासारखं केलं. माझ्यावरून नजर — थांबली नाही कुठे. दार लावून गेल्या.

खाली रस्त्यावर ओरडा झाला. समोरच्या गल्लीत दिवे आले.

जिन्यावर मामांची काठी. पहिला मजला. दुसरा.

हे आलेत. मामांच्या मागोमाग. पंप विजेवर घेतला असेल, सुट्टी मिळाली. मला ओलांडून आत गेले. घासून गेले तरी — कळलं नाही त्यांना. आत ठकीला उचलून घेतलं. नावाने हाक मारली. ठकी म्हणाले. मी ऐकलं. ऐकलं मी.

मामा मोजताहेत. एक. दोन. तीन. अकरा नंबर, तीन. बरोबर.

खरं म्हणजे आता रडायला हवं. पण जीव हलका —

शिल्लक शून्य.

इमारतीतले दिवे आले. सगळीकडे एकदम. आमच्या खोलीतही. उंबऱ्यावर उजेडाची पट्टी पडलीय. आत कुणीतरी भांडी मांडतंय. तीन ताटल्यांचा आवाज.

ठकी मला हाक मारतेय. आई म्हणतेय. स्पष्ट. दोनदा.

मी ओ द्यायला तोंड उघडलं, तर माझ्या आधी आतून